अक्काचा हातगुण

राजक्का कधी कुणाच्या हातात काही देत नसे. अंडी असोत, मेथीची जुडी असो, नाहीतर माझीच धुऊन परत केलेली वाटी असो. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती. ती वस्तू त्या भिंतीवर ठेवायची, दोन पावलं मागे सरायची आणि म्हणायची, "घ्या बाई, भिंतीवरनं." सुरुवातीला मला हा काहीतरी सोवळ्याचा प्रकार वाटला आणि रागही आला. एकदा मी मुद्दामच भिंतीपलीकडे हात पुढे केला. तिने झटक्यात आपला हात मागे घेतला आणि अंडं खाली पडून फुटलं. मी ओशाळले. ती मात्र खाली वाकून टरफलं गोळा करत हसत म्हणाली, "जाऊ द्या, कोंबड्याच खातील की."

मी सोलापुरातल्या एका शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा गावाच्या कडेला दोन खोल्या आणि मागे थोडी मोकळी जागा एवढं पदरात होतं. शेजारच्या तसल्याच घरात वर्षभराने राजक्का राहायला आली. भवानी पेठेतून तिचा संसार एका हातगाडीवर आला. गाडीवर भांड्यांची दोन पोती, एक सूप आणि सुटा करून बांधलेला हातमाग. नवरा विणकर होता, आदल्या वर्षी गेलेला. माग घ्यायला कुणी तयार नव्हतं आणि जळणात घालायला हिचा जीव होत नव्हता. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि रागावली की दोन्ही. दिवसभर दाराशी बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. बोलताना तिचे हात थांबत नसत आणि हाताकडे ती बघतही नसे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणू लागले आणि अक्का म्हटल्यावर अहो-जाहो आपोआप गळून पडलं. ती मला शेवटपर्यंत 'तुमी'च म्हणाली.

येऊन दोन महिने झाले असतील. मागच्या अंगणात ठोकाठोक सुरू झाली. मी भिंतीवरून डोकावले तर अक्का पदर खोचून, तोंडात खिळे धरून, मागाच्या लाकडांच्या मधोमध बसलेली.

"काय चाललंय?"

"खुराडं."

"अगं, सुतार तरी बोलवायचास."

तिने खिळे तळहातावर काढले. "फुकटचं काय हाय ते आधी बघायचं, बाई. इकत घ्यायचं मागनं."

हे तिचं आवडतं वाक्य होतं आणि ती ते अक्षरशः जगायची. मागाच्या चार खांबांचे खुराड्याला चार पाय झाले. नवऱ्याने विणलेलं कापड ज्या लाकडी रुळावर गुंडाळलं जायचं, तो तिने आत आडवा बसवला, कोंबड्यांना बसायला. सुतं ज्यातून ओवायची त्या फणीची झाली खिडकी. त्यातून वारा आत जाणार, मुंगूस जाणार नाही. मोडक्या लोखंडी पलंगाची जाळी तीन बाजूंनी मारली, वर पत्र्याचे दोन तुकडे टाकले. खिळेसुद्धा जुने, दगडावर ठोकून सरळ केलेले. नवीन म्हणून फक्त दाराची कडी आणली. मी हसले तेव्हा म्हणाली, "कडीत काटकसर केली की मांजराचं जेवन झालं समजा."

खरी करामत खाली होती. खुराड्याला तळच नव्हता. अंगणात तिने दोन लांब वाफे आखले होते. एकावर खुराडं उभं आणि दुसऱ्यात भाजी. कोंबड्या आपल्या वाफ्यात दिवसभर उकरत, किडे वेचत, खत टाकत. भाजीचा हंगाम संपला की खुराडं उचलून रिकाम्या वाफ्यावर ठेवायचं आणि खतावलेला वाफा पंधरा दिवस पाणी मारून निवू द्यायचा. मग त्यात बी. "कोंबड्या म्होरं, भाजी मागं," अक्का सांगायची. खुराडं उचलायला गल्लीतल्या दोघी आणि आम्ही दोघी अशा चौघी लागत. आयुष्यभर खडूपेक्षा जड काही न उचललेल्या माझी त्या दिवशी कंबर धरायची आणि अक्का मला भिंतीवरून गरम तेलाची वाटी द्यायची.

सोलापूरचा उन्हाळा बाहेरच्याला सांगून कळत नाही. पत्र्याखाली कोंबडी ठेवणं म्हणजे तिला भाजायला ठेवणं. त्यावर अक्काने एक पैसाही न खर्चता उपाय काढला. खुराड्याच्या चारी पायांशी दोडक्याच्या बिया टोचल्या. माघात लावलेला वेल चैत्रापर्यंत सगळा पत्रा झाकून टाकायचा. वर दोडके, खाली सावली. भर दुपारी कोंबड्या वेलाखाली माती अंगावर उडवत निवांत पडलेल्या असत आणि पंख्याखाली घामाघूम झालेली मी खिडकीतून त्यांचा हेवा करत असे.

एकूण सात कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्याचं नाव 'चेकर'. विडी कारखान्यात वळलेल्या विड्या तपासून नको त्या बाजूला फेकणारा माणूस असतो, त्याच्यावरून. "हा बी तसाच. दाणं टाकलं की आधी चोचीनं बाजूला सारतो, मग खातो." एकदा दार उघडं राहिलं आणि चेकर आपलं कुटुंब घेऊन थेट माझ्या अंगणातल्या कुंड्यांत शिरला. मी छत्री घेऊन धावले. अक्का भिंतीपलीकडून "रा, रा" करून त्यांना तेलुगूत बोलवत होती आणि मला मराठीत रागवत होती, "मारू नका की बाई, तुमची फुलं काय खायची असतात व्हय?"

अक्काकडे वाया काही जात नसे. विडीसाठी पान कापलं की कडेची कातरण उरते. ती खुराड्यात अंथरायची. संध्याकाळी उठताना सूपही तिथेच झटकायची, त्यातला तंबाखूचा भुगा त्या कातरणीवर पडायचा. "तंबाखूनं उवा होत न्हायत," ती म्हणायची आणि तिच्या कोंबड्यांना खरोखरच कधी उवा झाल्या नाहीत. कोंबड्या ते सगळं उकरून मातीत मिसळायच्या आणि त्या मातीत पुढे भाजी यायची. मी तर या अंगणावर इतकी खूश होते की माझ्या दोन जुन्या सहकारी शिक्षिकांना मुद्दाम दाखवायला आणलं. पुस्तकात आकृती काढून शिकवतो ते इथे चालताना बघा, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आज ते आठवलं की स्वतःचीच शरम वाटते.

कारण त्या अंगणात टोमॅटो येत नव्हता. मेथी यायची, घेवडा यायचा, भेंडी तर खाली बसून तोडावी इतकी लगडायची. पण दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अक्का टोमॅटोची सहा रोपं लावायची आणि ती वीतभर झाली की पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडायचे, पानं आक्रसायची, झाड खुरटायचं. एखाद-दुसरं फळ धरलंच तर कडक, डागाळलेलं. मी राख टाकायला सांगितली, कडुनिंबाचं पाणी सांगितलं, वेगळ्या दुकानातलं बी आणून दिलं. काही उपयोग नाही. मी म्हणायचे, "सोड ना अक्का. बाजारात ढीग पडलाय टोमॅटोचा." ती मान हलवायची. "टमाटं खरं बोलतं, बाई. दोडका लबाड हाय, कुनाच्याबी हाताला येतो."

हे बोलणं मला तीन वर्षं कळलं नाही. कळलं ते तिच्या मुलीच्या वेळी.

पद्मा तिची एकुलती मुलगी, शुक्रवार पेठेत दिलेली. पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यात तिला अक्काने वाजतगाजत माहेरी आणलं. दोन महिने आमची भिंत नुसती गजबजलेली होती. पद्मा आईच्या शेजारी बसून विड्या वळायची, कोंबड्यांना दाणे टाकायची आणि माझ्याकडून जुनी मासिकं वाचायला न्यायची. दिवस भरत आले आणि मूल पोटातच गेलं. दवाखान्यातून फडक्यात गुंडाळून दिलेलं ते बाळ अक्काने हातात घेतलं होतं. त्यानंतर दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा विचारलं, की अक्का, तू हातात का देत नाहीस काही?

ती वाफ्याशी बसून चट्टे पडलेलं टोमॅटोचं रोप उपटत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माझा हात चांगला न्हाय, बाई. पद्माच्या आधीचा पोरगा ह्याच हातात गेला. मालक ह्याच हातानं पानी पिऊन गेले. आता हे." मग तिने ते रोप माझ्यासमोर धरलं. "दर साली लावून बघते. एक जरी धड आलं, तर समजीन की गेलं माझ्या हातचं." मी तिला बरंच काही सुनावलं. अंधश्रद्धा वगैरे शब्द वापरले, वर्गात वापरायचे तसे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भेंड्या भिंतीवरच ठेवल्या.

दोन वर्षांनी पद्माला पुन्हा दिवस गेले. पाचवा सरला, सहावा लागला, तरी अक्का माहेरी आणायचं नाव काढेना. सासरचे टोमणे मारू लागले. एके दिवशी पद्मा स्वतः आली आणि दारातच रडली. "एवढं काय केलं मी, की आई मला घरात घेईना?" अक्का आतून कोंबड्यांचं पाणी घेऊन बाहेर आली, मुलीपासून चार हातांवर उभी राहिली आणि म्हणाली, "तू तितंच बरी हाईस, बंगारम. सोनं माझं." जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. पद्मा गेल्यावर ती खुराड्यामागे जाऊन बसली. तिला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं आणि मला तिचा इतका राग आला, की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मी माळा साफ करायला काढला. शाळेतले जुने तक्ते गुंडाळून ठेवलेले होते, ते रद्दीत द्यायचे ठरवलं. एकेक उलगडून बघत होते. बेडकाची पचनसंस्था, जास्वंदीचा उभा छेद आणि मग एक पान. मीच रंगवलेलं. हिरव्या पानावर पिवळे चट्टे, कडा आक्रसलेल्या. खाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'तंबाखूच्या पानावरील विषाणू'. हा रोग तंबाखू हाताळणाऱ्याच्या हातांवरून टोमॅटो, मिरचीच्या झाडांना लागतो आणि वाळलेल्या तंबाखूतही तो वर्षानुवर्षं टिकून राहतो, हे वाक्य मी एकतीस वर्षं दरवर्षी फळ्यावर लिहिलं होतं. मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. परीक्षेत विचारलं होतं. आणि शेजारी एक बाई तंबाखूने माखलेल्या हातांनी दरवर्षी टोमॅटो लावत होती, तंबाखूचा भुगा खुराड्यात आणि खुराड्यातून वाफ्यात घालत होती आणि मी तिला राख टाक म्हणून सांगत होते.

तक्ता घेऊन मी तशीच पलीकडे गेले. फाटकातून जायचं सुचलं नाही, साठीच्या वयात भिंत ओलांडली. अक्का दाराशी विड्या वळत बसली होती.

"अक्का, तुझा हात नाही. तंबाखू. तंबाखूनं मरतात टोमॅटो. तुझ्या जागी मी बसले असते तर माझ्याही हातानं मेले असते."

तिने तक्त्याकडे पाहिलं. एक विडी अर्धी वळलेली, ती तशीच बोटांत. चित्रातल्या पानावर तिने बोट ठेवलं नाही, नुसतं जवळ नेलं. "हे आपलंच पान की, बाई."

"तेच तर सांगतेय."

"म्हंजे हात न्हवं?"

"नाही गं. हात नाही."

मला वाटलं, आता ही हसेल. तिचा चेहरा उजळेल, मी जिंकेन. तिने अर्धी विडी सुपात टाकली. मग सूप मांडीवरून खाली ठेवून म्हणाली, "झाडाला लागतं. मग पोटातल्याला लागत आसंल का? पद्मा हितंच बसून इड्या वळत हुती. शेवटच्या दिवसापातुर. मीच म्हनायची, बसल्या बसल्या हुतंय की."

झाडाचा रोग वेगळा, तो माणसाला लागत नाही, हे मला ठाऊक होतं. पण दिवसभर तंबाखूत बसणं पोटुशीला चांगलं नाही, हेही ठाऊक होतं. त्यानेच ते बाळ गेलं का, हे मात्र ठाऊक नव्हतं. मी तिला तेवढंच सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, पण तिच्या डोळ्यांकडे बघून जमलं नाही. ती उठली, हातपाय धुतले, लुगडं बदललं आणि रिक्षा करून शुक्रवार पेठेत गेली. पद्माच्या घरात शिरली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळ्यांदेखत सांगितलं, की हिच्या हाताला तंबाखू लागू द्यायची नाही. सासू म्हणाली, आता आठवण झाली का लेकीची. अक्का तशीच परत फिरली. आठवड्याभरात तिने कारखान्यात जाऊन आपलं काम बंद केलं. चाळीस वर्षं मांडीवर असलेलं सूप कोंबड्यांना दाणे पाखडायला घेतलं. "अंडी आन् भाजी, दोघींवर भागंल," म्हणाली. दोघी म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

मग मी प्रयोग मांडला. हो, प्रयोगच. माझ्यातली शिक्षिका गप्प बसायला तयार नव्हती. अक्काच्या अंगणातली माती नको, माझ्या अंगणातली घ्यायची. रंगाचे तीन रिकामे डबे स्वच्छ धुऊन माझ्या पायरीवर ठेवले. अट एकच, की लावायचं ते अक्कानेच, स्वतःच्या हातांनी. आधी साबणाने हात धुवायचे आणि मग दुधाने. दुधाने त्या विषाणूचा जोर मोडतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. वाटीभर दूध पुढे केलं तेव्हा अक्का चमकली.

"दुदानं हात धुवायचं? देवाला घालतो तसं?"

"हो. देवाला घालतो तसं."

तिने दोन्ही तळवे पुढे केले. नखांच्या कडा तपकिरी, बोटांची पेरं कातरीने आणि दोऱ्याने कापलेली. मी वरून दूध ओतलं. ती आधी दूध जमिनीवर सांडू नये म्हणून ओंजळ घट्ट धरून उभी राहिली आणि मग लहान मुलीसारखी हात चोळू लागली. खाली सांडलेलं दूध प्यायला चेकर भिंतीवरून उडी मारून आलाच. त्या दिवशी अक्का खूप हसली.

रोपं वाढली. रोज सकाळी ती हात धुऊन माझ्या पायरीशी येई आणि एकेक पान उलटं करून बघे. मीही चष्मा लावून बघे. वीतभर झाली, हातभर झाली, पान हिरवंगार. चट्टा नाही, सुरकुती नाही. मार्गशीर्ष लागला तेव्हा पहिली पिवळी फुलं आली. अक्काला अलीकडे चालताना धाप लागायची. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणायची, तंबाखू फुफ्फुसातनं निघायला वेळ लागतो, निघंल. डब्यांशी बसली की मात्र तिची धाप थांबल्यासारखी वाटे.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी सकाळी ती भिंतीशी आली. पदर डोक्यावर, हात पदराखाली.

"बाई, पद्माला मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत. जावयाचा फोन आलता." मग थोडं थांबून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता जाऊ का?"

त्या वेळी झाडांवर लिंबाएवढी हिरवी फळं धरली होती. पानं निर्मळ होती. जे सिद्ध व्हायचं ते होऊन चुकलं होतं आणि हे मला तिच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. पण मला तो लाल टोमॅटो हवा होता. अक्का हातात लाल टोमॅटो घेऊन लेकीच्या घरात शिरतेय आणि सगळ्यांची तोंडं बंद होताहेत, असं चित्र मी मनाशी रंगवून ठेवलं होतं. त्यात मागे कुठेतरी मीही उभी होते. मी म्हटलं, "थांब गं थोडी. बारशाला जा, बाराव्या दिवशी. तोवर एखादं पिकेल. प्रयोग अर्धवट सोडायचा नसतो."

"व्हय," ती म्हणाली. "तुमी म्हनताय तसं."

बारशाच्या तीन दिवस आधी, दुपारी तीनच्या सुमारास, कोंबड्यांचा कालवा ऐकून मी मागे गेले. खुराड्याचं दार उघडं होतं. अक्का त्याला टेकून बसली होती, ओच्यात चार अंडी. चेकर तिच्या पायाशी ओरडत होता. मी हाका मारल्या, भिंत ओलांडली, तिचा हात हातात घेतला. सहा वर्षांत तो हात मी पहिल्यांदा हातात घेत होते. ओच्यातलं एकही अंडं फुटलं नव्हतं. तो हात मी बराच वेळ सोडला नाही. बायका जमल्या, त्यांनी तो सोडवून घेतला.

पद्मा ओली बाळंतीण. तिला तेवढ्यापुरतं आणलं आणि परत नेलं, बाळ घरीच ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात पहिला टोमॅटो लाल झाला. मग रोज एक-दोन. मी ते तोडू शकले नाही. काही झाडावरच पिकून गळले. ते मी कोंबड्यांना घातले.

सव्वा महिना झाल्यावर पद्मा आईचं घर आवरायला आली, बाळाला घेऊन. कोंबड्या ती शुक्रवार पेठेत नेऊ शकत नव्हती. चार तुम्ही ठेवा म्हणाली, बाकीच्या नणंदेच्या गावी द्यायच्या होत्या. मी माझ्या पायरीशी डब्यांतली माती उकरत बसले होते. ती शेजारी येऊन बसली. एवढे दिवस मनात घोळवलेलं मी एका दमात सांगून टाकलं. तक्ता, दूध, तीन डबे आणि ते 'थांब'. म्हटलं, तुझी आई त्या दिवशीच निघाली होती. मी अडवली. माझ्यामुळे तिने तुझ्या मुलीला पाहिलंसुद्धा नाही.

पद्मा माझ्याकडे बघत राहिली. "पाहिलं की, बाई."

"काय?"

"दुसऱ्याच दिवशी आलती दवाखान्यात. तुम्हाला सांगितलं न्हाय व्हय? दारात उभी, हात पदराखाली. मी म्हणलं, घे की आता तरी. तर म्हणली, बाईंनी थांब म्हणलंय. बाईंचं थोडं व्हायचं राहिलंय, झालं की घेते. मग पोटभर घेते म्हणली." पद्माने बाळाच्या टोपड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. "हसत होती, बाई. लई दिवसांनी. अर्धा तास तशीच दारात उभी राहून बघत होती."

अर्धा तास. चार पावलांवर बाळ, तेही धडधाकट, आणि हात दुधाने धुतलेले. माझ्या एका शब्दासाठी ती तिथे उभी राहिली. ती माझ्यावर इतका विश्वास ठेवून होती, हे मला तेव्हा कळलं. पद्मा रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तिकडे अंगणात चेकरने आरडाओरडा सुरू केला. पद्मा उठली. "कोंबड्या डालग्यात घालते. हिला धरा जरा," म्हणत तिने बाळ माझ्याकडे केलं. मी मागे सरकले.

"अगं, थांब, माझे हात मातीचे आहेत. धुऊन येते."

"असू दे की, बाई," पद्मा म्हणाली आणि मुलगी माझ्या हातात दिली.